खुर्चीवाल्याची रेकॉर्ड

कडूबा गेल्याची बातमी जळगाव जामोदला पाचव्या दिवशी पोचली. आणली नारायणराव कंडक्टरनं. कडूबाकडून जे काही यायचं ते एवढी वर्षं नारायणरावच आणत आले होते, तेव्हा हे शेवटचंही त्यांच्याच हातून आलं.

बसस्टँडसमोरच्या आपल्या लाऊडस्पीकरच्या दुकानात रहेमतुल्ला एका भोंग्याला चांदीरंग देत बसला होता. नारायणराव पायरीशी उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"रहेमतभाई, तुमचा साखरखेर्ड्याचा डागदर गेला."

"आता कुठं टाकलं त्याले?" रहेमतुल्लाला वाटलं बदली झाली. सरकारी माणूस, जायचाच कुठंतरी.

"बदली नाही हो. वारला. दुसरबीडच्या रस्त्यावर सायकलवरून उतरला, निंबाखाली टेकला, तो टेकलाच. चिखलीच्या कंडक्टरनं सांगतलं मले."

ब्रश भोंग्यावर टेकलेलाच राहिला आणि तिथून रंगाचा एक ओघळ खाली आला. पुढं कित्येक लग्नांत तो भोंगा त्या ओघळासकट वाजला.

रहेमतुल्लाच्या खिशात त्या वेळी कडूबाला लिहिलेली चिठ्ठी होती. दीड वर्षापासून होती. शर्ट धुवायला पडला की चिठ्ठी बाहेर, नवा शर्ट चढवला की आत. तिच्यात माफी मागितलेली होती. लिहून सगळं झालं होतं. पाठवायची तेवढी राहिली होती.

कडूबा खरं तर डॉक्टर नव्हता. गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होता. पण बैलाला इंजेक्शन देणाऱ्या माणसाला ड्रेसर म्हणायची कोणाची छाती होत नाही. आधीची दोन मुलं गेली म्हणून आईबापानं याचं नाव कडू ठेवलं होतं. मरणानं तोंड लावून पाहावं आणि थुंकून टाकावं, असा विचार. शेहेचाळीस वर्षं तो विचार बरोबर निघाला.

सदुसष्ट साली जळगाव जामोदला एक अमेरिकन तरुण आला. शेतकऱ्यांनी कोंबड्या कशा पाळाव्यात हे शिकवायला त्याला सातासमुद्रापलीकडून पाठवलं होतं. गावात तोपर्यंत कोंबड्या आपल्या आपण जगत होत्या. सरकारनं कडूबाला त्याच्या दिमतीला दिलं. कोंबडीसाहेबाला मराठी येत नव्हती, कडूबाला इंग्रजी येत नव्हती आणि दोघांचं उत्तम जमलं. साहेबाजवळ चाळीस रेकॉर्डी होत्या. त्या ऐकायला तो संध्याकाळी रहेमतुल्लाच्या दुकानात यायचा, कारण दुकानामागेच वीज मंडळाचं सबस्टेशन होतं. तिथून निघालेली वीज पहिल्यांदा रहेमतुल्लाकडे यायची, ताजी, कोणाचा हात न लागलेली. बल्ब दर दोन महिन्यांनी उडायचे, पण रेकॉर्डीचं मशीन कधी अडखळलं नाही.

दोन वर्षांनी कोंबड्या होत्या तेवढ्याच राहिल्या आणि साहेब गेला. जाताना रेकॉर्डी दोघांना देऊन गेला. दोघांनी वीस-वीस वाटून घेतल्या. रेकॉर्डींवरची नावं वाचता येत नव्हती, म्हणून पाकिटावरच्या चित्रावरून त्यांनी बारसं केलं. तुतारीवाले, तीन बाया, बोलका, कंबरवाली. कंबरवालीत गाणं कमी आणि खालच्या सुराच्या तारेचा दणका जास्त होता. रहेमतुल्लानं ती गावातल्या भगवानरावांच्या थोरल्या मुलाच्या वरातीत लावली, तेव्हा घोडा तालात आला आणि नवरदेव खाली आला.

मग ऐकलेल्या रेकॉर्डीवर शेरा लिहायची पद्धत पडली. महिनाभर रेकॉर्ड एकाकडे राहायची, मग शेऱ्यासकट दुसऱ्याकडे. रहेमतुल्ला दुकानाच्या बुकिंगच्या फॉर्मवर लिहायचा. तुतारीवाल्यांवर त्यानं लिहिलं होतं:

'समारंभाचा प्रकार: ग्रामपंचायतीची सभा. आठ जण एकाच वेळी बोलतात, कोणी कोणाचं ऐकत नाही, तरी ठराव एकमतानं पास होतो. शेरा: पुन्हा बोलवावे.'

कडूबाजवळ दवाखान्यातले आजारी जनावरांचे फॉर्म होते. बोलका म्हणजे मागे ढोल वाजत असताना नुसता तालात बोलणारा माणूस. त्याच्यावर कडूबानं लिहिलं:

'जनावराचा प्रकार: माणूस. लक्षण: गात नाही, भांडतो. शब्द कळत नाही, तक्रार कळते. किती दिवसांपासून: दोनशे वर्षे असावीत. उपचार: ऐकून घ्यावे, मधे बोलू नये.'

आणि तीन बायांवर त्यानं बायकोचं मत उतरवून पाठवलं: 'एक बाई गाऱ्हाणं सांगते, दोघी हो ना बाई म्हणतात. चांगुणा म्हणते, हापश्यावर रोज हेच चालते, त्यात अमेरिका कायची.'

सत्तर साली कडूबाची साखरखेर्ड्याला बदली झाली आणि शेरे एस.टी.नं जाऊ लागले. नारायणराव चिखलीपर्यंत न्यायचे, तिथून साखरखेर्ड्याच्या गाडीत. रेकॉर्ड मांडीवर धरून तिकिटं फाडता येत नाहीत, म्हणून ते ती सज्जन दिसणाऱ्या प्रवाशाच्या मांडीवर ठेवत. एकही फुटली नाही.

बदली झाली त्याच पावसाळ्यात चांगुणा तापानं गेली. आणि कडूबाचे शेरे बदलले. 'इथं आल्यापासून तुतारीवाले थकले,' असं त्यानं लिहिलं. मग लिहिलं, 'तीन बाया म्हाताऱ्या झाल्या.' बोलक्याबद्दल लिहिलं, 'आता भांडत नाही. समजावून सांगते.' रहेमतुल्ला वाचायचा आणि मान हलवायचा. बायको गेलेल्या माणसाला सगळं जगच दमलेलं दिसणार, त्यात रेकॉर्डीचा काय दोष. वीस वर्षं मशीन हाताळणाऱ्या या माणसाच्या डोक्यात दुसरं काहीही आलं नाही.

त्यानंतर खुर्चीवाला आला. कोंबडीसाहेबानं अमेरिकेतून एकच पार्सल पाठवलं, कडूबाच्या नव्या पत्त्यावर. काळं पाकीट, त्यावर लाकडी खुर्चीत बसलेला एक काळा माणूस, हात गुडघ्यांवर. कडूबानं महिनाभर ऐकली आणि फॉर्म लावून पाठवली:

'लक्षण: डोळ्यांतून पाणी नाही, आवाजातून येते. घरातलं माणूस गेलेलं आहे. उपचार: नाही. जवळ बसून राहावे.'

रहेमतुल्लानं रेकॉर्ड लावली आणि त्याचा पाय आपोआप ठेका धरायला लागला. त्यानं लिहिलं: 'समारंभाचा प्रकार: साखरपुडा. माणूस खुशीत आहे. खुर्चीत बसवत नाही त्याला. डागदर, दुसऱ्याच रेकॉर्डीचा फॉर्म लागला काय?'

रेकॉर्ड परत गेली, परत आली. 'नीट ऐका, रहेमतभाई. रडणं दाबून धरलं आहे.' परत गेली. 'रडत नाही. लग्न ठरलं आहे त्याचं.' असं चार वेळा झालं. नारायणराव म्हणाले, "या खुर्चीवाल्याचा पास काढून घ्या एखादा."

बहात्तरच्या उन्हाळ्यात, पाचव्या खेपेला, रहेमतुल्लाच्या हातून ते वाक्य लिहून झालं. 'डागदर, रडणं रेकॉर्डीत नाही, तुझ्या घरात आहे. वहिनी गेल्या म्हणून अमेरिकेतल्या माणसाला काऊन सुतकात बसवून राह्यला? तू जनावरंच तपास.'

पाठवण्याआधी त्यानं ते समोरच्या हॉटेलात वाचून दाखवलं. सगळे हसले. वामनराव मास्तर तर इतके हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. आता हशा मिळालेलं वाक्य खोडणं फार अवघड असतं. रहेमतुल्लानं ते खोडलं नाही. गाडी सुटून वळणापलीकडे गेली तेव्हा ते त्यानं मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. या खेपेला कोणी हसलं नाही.

पंधरा दिवसांनी नारायणरावांनी एक खोकं उतरवलं. कडूबाच्या वाटणीच्या वीसही रेकॉर्डी त्यात होत्या. रहेमतुल्लानं प्रत्येक पाकीट झटकून पाहिलं. फॉर्म नव्हता. खुर्चीवालाही नव्हता.

त्या रात्री त्यानं माफीची चिठ्ठी लिहिली.

त्याची बायको अमीरबी पहिल्या दिवशीच म्हणाली होती, "चिठ्ठी क्या भेजते? खुद जाव ना. छे घंटे का तो रस्ता."

"लग्नसराई है," तो म्हणाला. मग पाऊस लागायची वाट पाहिली, तो लागलाच नाही. दुष्काळाच्या सालात लग्नंही झाली नाहीत आणि भोंगे खुंटीवर लटकून राहिले. तेव्हा त्यानं दुसरं कारण शोधलं. भोंगेवाल्याला कारणं कमी पडत नाहीत.

नारायणरावांनी बातमी सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी रहेमतुल्ला पहाटेच्या गाडीत बसला. नारायणरावांनी त्याला तिकीट दिलं आणि खिडकीची जागा दिली. चिखलीला त्यांनीच त्याला साखरखेर्ड्याच्या गाडीत बसवलं. त्या रस्त्यानं जायची त्याची पहिलीच वेळ होती, आणि मांडीवर काहीच नव्हतं.

साखरखेर्ड्याला पोचेपर्यंत दुपार झाली. गुरांच्या दवाखान्याच्या अलीकडे कडूबाचं घर. बाहेर सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली, कॅरिअरला औषधाची पेटी तशीच बांधलेली. दारात एक वयस्क बाई गव्हातले खडे काढत बसली होती. कडूबाची थोरली बहीण, रुखमाबाई. चांगुणा गेल्यापासून भावाला भाकर करून घालायला तीच येऊन राहिली होती.

"मी रहेमतुल्ला. जळगावचा."

तिनं सूप खाली ठेवलं.

"आले तुम्ही," ती म्हणाली. "या. हातपाय धुवा."

घरात विजेचा दिवा लावलेला होता, कारण खोलीला एकच खिडकी आणि तीही ज्वारीच्या कणगीनं अडवलेली. दिव्याचा उजेड पिकल्या पपईसारखा होता. आतली तार मोजता येत होती. रहेमतुल्लाच्या धंद्याच्या डोळ्यानं तो उजेड टिपला, पण मन ठिकाणावर नव्हतं. कोपऱ्यात स्टुलावर रेकॉर्ड प्लेअर होता, त्यावर धुतलेला पांढरा टॉवेल. भिंतीशी काळं पाकीट उभं. खुर्चीतला माणूस हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला.

रुखमाबाईनं पाण्याचा तांब्या दिला. "चहा मांडतो," म्हणाली. मग तिथंच थांबून म्हणाली, "ऐकता का? रोज लावे थो. गेल्यापासून मी नाही लावलं. मले सुई ठेवता येते, पण हात नाही झाला."

रहेमतुल्लानं टॉवेल काढला. रेकॉर्ड ठेवली. सुई टेकवली.

गाणं सुरू झालं आणि त्यानं मशीनकडे पाहिलं, कारण हे गाणं ते नव्हतं. आवाज जाड होता. खालचा होता. ज्या ढोलावर जळगावात त्याचा पाय हलायचा, तो ढोल इथं लांब लांब पावलं टाकत होता, खांद्यावर काहीतरी जड असल्यासारखा. तुताऱ्या उठायच्या आणि वर पोचायच्या आत बसायच्या. आणि तो माणूस. एकेक शब्द तो छातीतून ओढून काढत होता, अर्ध्यात थांबत होता, दम घेत होता. दाबून धरलं होतं त्यानं, पण सुटत होतं.

रहेमतुल्लानं तबकडीकडे पाहिलं. मग वर दिव्याकडे पाहिलं. मग पुन्हा तबकडीकडे.

"बाई, इथं दिवा असाच राह्यते?"

"हाव. विहिरीवरच्या मोटारी चालू असल्या की असाच. साऱ्या शिवाराच्या मोटारी अन् आमी, एकाच तारेवर. संध्याकाळी तं वातीइतका राह्यते."

एखाद्या लग्नघरी भोंगा बसला की रहेमतुल्ला सगळ्यात आधी विजेचं व्होल्टेज बघायचा. मशीनवर हात न ठेवता सांगायचा, वीज कमी पडतेय, मोटर हळू फिरते, म्हणून गाणं ओढलं जातं. तालुक्यात त्याचं नाव होतं त्यासाठी. आणि 'तुतारीवाले थकले', 'तीन बाया म्हाताऱ्या झाल्या' असं एक माणूस दोन वर्षं लिहून कळवत होता, सरकारी फॉर्मवर, लक्षणं मांडून. जनावराच्या डॉक्टरनं लक्षणं बरोबर लिहिली होती. मशीनच्या डॉक्टरनं वाचली नव्हती.

"त्याले वाटे का आपल्याच मनाचं आहे," रुखमाबाई चुलीशी बसून सांगू लागली. "म्हणे, आक्का, चांगुणा गेल्यापासून मले सारंच हळू ऐकू येते. तुमचा तो शेवटचा फॉर्म आला ना, थो वाचून म्हणे, रहेमतभाई खरं म्हणते. माझ्याच घरातलं रडणं आहे. मंग बाकीच्या साऱ्या वापस धाडल्या. म्हणे, मी ऐकलेल्या खराब होते."

रहेमतुल्लानं खिशावर हात ठेवला. चिठ्ठी जागेवर होती.

"मंग दुष्काळ पडला," ती म्हणाली. "विहिरी आटल्या. मोटारी बंद. माणसाले प्यायले पाणी नाही, पण दिवा असा लख्ख, का सुईत दोरा ओवावा. अन् एक दिवस हा रडणारा माणूस हसाले लागला. मी इथंच बसेल होतो. कडूबा उठून उभा राह्यला. दिव्याकडे पाहे, रेकॉर्डीकडे पाहे. अन् मंग जे हसला भाऊ, दोन वर्षांत पहिल्यांदा हसला. म्हणे, आक्का, मी पागल नाही झालो. रहेमतभाईच्या घरी हा असा गाते, आपल्या घरी असा गाते."

"मंग मले काऊन नाही कळवलं?" रहेमतुल्लाचा आवाज फुटका निघाला. खराब माइकसारखा.

"मी म्हटलं ना, लिही. तं म्हणे, लिहून हे पटत नाही, चार खेपा लिहून पाह्यलं. त्याले इथं येऊ दे. मोटारी चालू असताना एक डाव ऐकवतो, बंद झाल्या का एक डाव. मंग पाहू काय लिहिते फॉर्मवर." तिनं चहा गाळला. "यंदा विहिरीले पाणी आलं, मोटारी चालू झाल्या. तवापासून गाडीच्या टायमाले दारात बसे. मी म्हणो, तू जाऊन ये ना बापा. तं म्हणे, मी गेलो तं तिथं त्याचंच गाणं लागते. माझं कसं दाखवू?"

चहा पुढं ठेवून ती बसली. शिवारात माणसं भाकर खायला बसली असावीत. कुठूनतरी येणारी घरघर एकेक करून थांबली. दिवा पपईचा पिवळा झाला, पिवळ्याचा पांढरा. आणि गाणं संपता संपता त्या माणसानं मान वर केली, आवाज हलका झाला, ढोल पळू लागला. जळगावचा पाय ज्याला ठाऊक होता ते गाणं पुरं वाजायला हवं होतं, ते जेमतेम अर्धं मिनिट वाजलं आणि सुई मधल्या कोऱ्या जागेत जाऊन खरखरू लागली.

"हे तुमचं," रुखमाबाई म्हणाली. "मोटारी बंद झाल्या का म्हणे, आलं पाहा रहेमतभाईचं." मग ती जरा पुढं झुकली. "मी त्याले लय डाव विचारलं, त्याले माहीत नव्हतं. तुमचा तं धंदाच आहे. यातलं खरं कोण्तं, भाऊ?"

यंत्राबद्दल रहेमतुल्ला आजवर कोणाशी खोटं बोलला नव्हता.

"तुमच्या इथलं," तो म्हणाला.

ती समाधानानं मागे टेकली. "मले वाटलंच होतं," म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं रेकॉर्ड पाकिटात घातली, टॉवेलात गुंडाळली आणि त्याच्यापुढं धरली. "न्या. एवढीच राह्यली होती इथं."

त्यानं ती घेतली, मांडीवर ठेवली, आणि परत तिच्या हातात दिली. "इथंच राहू द्या, बाई. आमच्याकडे हे गाणं लागत नाही."

खिशातली चिठ्ठी त्यानं काढली. घड्यांवर विरलेली, चार धुण्यांत चुकून भिजलेली. तिच्यात लिहिलं होतं, 'कडूबा, माझं चुकलं, पण गाणं खुशीचंच आहे.' हे दुसरं वाक्य आपण माफीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, हे तो विसरूनच गेला होता. त्यानं पेन मागितलं. रुखमाबाईनं भावाच्या औषधाच्या पेटीतलं आणून दिलं. त्यानं ते दुसरं वाक्य खोडलं. खाली काही लिहावं म्हणून पेन टेकवलं, पुन्हा उचललं. मग टॉवेल जरा बाजूला करून चिठ्ठी तशीच पाकिटात सरकवली, खुर्चीतल्या माणसाच्या मागे.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. चिखलीची दोनची गाडी. ती चुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळीच.

"मोटारी केव्हा सुरू होतात, बाई?"

"भाकरी झाल्या, अंमळ टेकले, का तीनच्या सुमाराले."

रहेमतुल्लानं पुन्हा टॉवेल सोडला, रेकॉर्ड तबकडीवर ठेवली आणि सुई हातात धरून दिव्याकडे पाहत बसला. बाहेर हॉर्न आणखी दोनदा वाजला, मग गाडी गेली. दिवा मंद व्हायची वाट बघत बसलेला माणूस साखरखेर्ड्यानं तोवर पाहिला नव्हता. रुखमाबाईनं सूप जवळ ओढलं आणि त्या लख्ख उजेडात ती गहू निवडू लागली.